काळी पुडी

१२ जानेवारी १९४५

काशीतल्या मंगलागौरी मोहल्ल्याच्या आयाबहिणींनो! तुमची मुलं सरकारच्या लढाईत आहेत – कुणी पलटणीत, कुणी जहाजावर. जहाज बुडालं की साहेब आणि हिंदी खलाशी एकाच पाण्यात पडतात. पण साहेबाच्या कमरेला शार्क पळवणारी पुडी असते, आपल्या मुलाच्या कमरेला काही नसतं!

सुरुवात अशीच करायची. जाहीर सभेला परवानगी मिळायची नाही. मग हळदीकुंकवात बोलेन. रथसप्तमीपर्यंत रोज कुणाकडे तरी बायका जमतातच. सरकारचा हेर, तो खुफियावाला, तिथं कसा शिरणार?

दिनानाथ परवा आला. माझा धाकटा भाऊ, जहाजावर बिनतारी यंत्र सांभाळतो. पावसाळ्यात कोलंबोच्या पुढे पाणबुडीनं त्याचं जहाज बुडवलं. तिथल्या इस्पितळातून सुटून आलाय, आणि २४ तारखेला, बुधवारी, पुन्हा कलकत्त्याला जहाजावर! दारातच त्यानं पुडीचं सांगितलं. अमेरिकन वस्तू. पाण्यात फोडली की काळी शाई पसरते, शार्क लांब राहतो म्हणे. मिळाली फक्त गोऱ्या अधिकाऱ्यांना.

तेव्हापासून डोकं भणभणतंय.

१४ जानेवारी

संक्रांत आणि मौनी अमावस्या एकाच दिवशी. घाटावर पाय ठेवायला जागा नाही. बाबा पहाटेपासून शिंदे घाटावर यजमानांचे संकल्प सांगताहेत.

दिनानाथचं पान ओसरीवर. समुद्र ओलांडला म्हणून प्रायश्चित्त होईपर्यंत तिथंच जेवायचं, तिथंच निजायचं. आई वरून वाढते. त्याच्याजवळ कुणी बसत नाही. घरात समुद्राचं नाव निघत नाही. तोही प्रायश्चित्त घेत नाही, आणि का, ते सांगत नाही.

१६ जानेवारी

शेजारच्या अंबिकाकाकूंकडे हळदीकुंकवात बोलले. आमच्या बायकांना मगर ठाऊक, शार्क नाही. समुद्रातली मगरच समजा, पण झुंडीनं येणारी – असं सांगितल्यावर सगळ्यांनी पाय पोटाशी घेतले.

काकू मात्र अशा घाबरणाऱ्या नव्हेत. तिळगूळ वाटता वाटता म्हणाल्या, "बकुळे, आम्ही पोराच्या कपाळी अंगारा लावला तर तू व्याख्यान देतेस. साहेबाची पुडी बरी चालते गं तुला?"

बायका हसल्या. मी म्हटलं, अंगाऱ्यावर भरवसा ठेवावा लागतो, रसायन भरवसा मागत नाही. टाळ्या पडल्या.

जहाज कंपनीला अर्ज लिहिला – जी पुडी साहेबाला, तीच खलाशाला. ज्यांना सही येत नव्हती त्यांच्या अंगठ्याला लावायला शाई नव्हती. कुंकू होतं! अर्ज लाललाल झालाय.

१७ जानेवारी

खुफियावाला पानवाल्याजवळ उभा आहे. उभा राहू दे.

१९ जानेवारी

दुपारी ओसरीवरून जाताना दिनानाथनं हाक मारली.

"ताई, फुजूल हल्लागुल्ला करते आहेस तू."

मी भडकले. बस म्हणाला. बसले.

"ती पुडी आमच्या सेकंड ऑफिसरजवळ होती. फोडली त्यानं. चांगली काळी पसरली. शार्क त्या काळ्यातूनच आला."

मग विचारलं, तू कसा वाचलास?

तो हसला. "घरी आल्यापासून हे विचारणारी तू पहिली."

मग सांगत गेला. जहाजावरून सोडलेली होडी फुटली होती, तिचं शीड पाण्यावर तरंगत होतं. गारठ्यानं दात वाजत होते, म्हणून त्यानं आणि लतीफ नावाच्या चितगावच्या खलाशानं ते अंगाभोवती ओढलं, खालचं टोक दोरीनं बांधलं आणि छातीपर्यंत आत शिरले, पिशवीत शिरावं तसे. तरंगत ठेवायला अंगातली जाकिटं होतीच. शार्क आला. कापडाला पाठ घासली, फिरला, गेला. बाकीच्यांचे पाय उघडेच लोंबत होते. सकाळी हे दोघंच उरले.

"कशानं वाचलो ते मलाही ठाऊक नाही. पण आमचे पाय झाकलेले होते. रात्रभर लतीफनं मला धरून ठेवलं, स्वतःच्या हातानं बिस्किट भरवलं. प्रायश्चित्त कशाचं घेऊ, ताई? त्याचं?"

लतीफही बुधवारच्या त्याच जहाजावर आहे.

आणि मी! शिवाशिवीवर गावभर गर्जणारी. घरच्या ओसरीवर भावाशेजारी घटकाभर बसले नाही. मला सभा होत्या! दारातल्या एका वाक्यावर चळवळ उभी केली.

२० जानेवारी

मैत्रीण लीलाकडे बोलता बोलता अर्ध्यात थांबले. बायकांना वाटलं, पाठ विसरले. अंबिकाकाकूंनी पाण्याचा पेला पुढे केला. एरवी टोमणा मारला असता.

अर्ज जाईल. साहेबाला मिळतं ते खलाशाला मिळालंच पाहिजे, कामाचं असो वा नसो. तो हक्क आहे. यात मी एक शब्द मागे घेणार नाही. पण बुधवारी दिनानाथच्या कमरेला काय बांधू? हक्क?

बसवत नाही. वाचवत नाही. गच्चीवर जाते, खाली येते. आई विचारते, काय झालं. काय सांगू?

२१ जानेवारी

बाबा सकाळीच नावेनं रामनगरला गेले होते. आत्ता परतले, खांद्यावर कुण्या नावाड्याचं जुनं ओलं शीड घेऊन. ओसरीवर टाकलं. परवा भिंतीपलीकडे जपाला बसले होते ते – सगळं ऐकलं तर! दिनानाथकडे पाहिलं नाही. मला म्हणाले, "त्याच्या पायांचं माप घे. वीतभर जास्तच धर." आत जाता जाता थांबले. "दोन होतील एवढं आहे."

बायांनो, रथसप्तमी सरली तरी उद्या हळदीकुंकू आमच्या ओसरीवर. तिळगूळ नको, वाण नको. मेण लावलेला दोरा आणा, दाभण आणा, आणि शिवायला बसा.