डावीकडची फट

३ फेब्रुवारी, सोमवार
रंग सांडतोय! सकाळपासून तेरा चित्रांत सांडला. म्हशीच्या पोटात काळा ओतला की कागदभर काळा—नदी, पोरगी, आभाळ, सगळं म्हशीत बुडालं.

आबांनी कागदावर पेन्सिलीनं काढायचं, मी स्कॅन करून कॉम्प्युटरवर रंगवायचं, असं दिवाळीत ठरलं. चार मिनिटांची ॲनिमेशन फिल्म, एका म्हशीची आणि एका पोरीची. वाईहून, आई-आबांच्या घरून, एसटीनं गठ्ठा येतो, प्रत्येक चित्राच्या कोपऱ्यात नंबर. पस्तीस वर्षं पाचगणीच्या शाळेत ड्रॉइंग शिकवलेला माणूस, रिटायर झाला म्हणून गप्प बसतोय थोडाच!

रंगाचं सॉफ्टवेअर मात्र ठरत नाही. एक फुकट आहे, एक महिन्याच्या भाड्यावर. मला फुकटवालं आवडतं. म्हशीचा काळा एकदा बदलला की सगळ्या चित्रांत आपोआप बदलतो. पण हा सांडण्याचा ताप कोण काढणार?

५ फेब्रुवारी, बुधवार
अनीशला दाखवलं. सांगलीत, विश्रामबागच्या ऑफिसात माझ्या शेजारच्या टेबलावर बसतो, अशा गोष्टींत त्याला गती आहे. त्यानं तीच तेरा चित्रं भाड्याच्यात टाकली. थेंबही सांडला नाही! म्हणाला, रेघेत बारीक फट राहिली तर हे स्वतःच बुजवून घेतं. फुकटवालं बुजवत नाही, आहे तसं दाखवतं. दोष सॉफ्टवेअरचा नाही, रेघेचा आहे.

मला रागच आला. आबांच्या रेघेत फट? वर्गात कुणाचा गोल जुळला नाही तर दुसरा कागद हातात द्यायचे ते.

६ फेब्रुवारी, गुरुवार
चित्रं मोठी करून पाहिली. फट आहे. तेराच्या तेरा चित्रांत. आणि प्रत्येक वेळी डाव्या बाजूला.

८ फेब्रुवारी, शनिवार
आज सुट्टी. सगळे कागद फरशीवर नंबरानं मांडले. एकशे चाळीसपर्यंत रेघ घट्ट. मग टाचणीच्या टोकाएवढी फट. दोनशेच्या पुढं तांदळाएवढी. तीनशे बाराव्या चित्रात म्हशीचं डावं शिंग अर्ध्यात सोडलंय. जसं काही तिथं कागदच नाही.

मधेच एखादं चित्र एकदम पक्कं, नेहमीच्या आबांचं. म्हणजे काय—हे येतं आणि जातं?

फोनवर शोधलं. शोधायला नको होतं. एका बाजूचं दिसेनासं होतं आणि माणसाला स्वतःला पत्ता नसतो, असं लिहिलंय. मेंदूतलं काहीतरी असू शकतं. त्या आजारांची नावं मी इथं लिहिणार नाही.

९ फेब्रुवारी, रविवार
आबांना फोन केला. तब्येत कशी विचारलं तर हसले, मलाच म्हणाले जेवतेस का नीट. काल मोटारसायकलवरून पाचगणीला जाऊन आले म्हणे, जुन्या शिपायाच्या घरचं लग्न. मोटारसायकल! पसरणीच्या घाटातून! त्या वळणांवर डावीकडचं दिसलं नाही तर?

चित्रं कशी आहेत, त्यांनी विचारलं. छान म्हटलं. दुसरं काय म्हणू?

११ फेब्रुवारी, मंगळवार
भाड्याचं घ्यायचं ठरवलं. अनीशला सांगितलं, काम लवकर उरकतं म्हणून. खोटं. त्यात फट दिसत नाही, म्हणून.

१३ फेब्रुवारी, गुरुवार
नवा गठ्ठा आला. भाड्याच्यात टाकला. काय सुंदर रंगला! म्हैस पाण्यात उडी मारते ते सलग चालवून पाहिलं आणि रडू आलं. कुणालाही कळणार नाही. मलाही कळलं नसतं.

मग तेच चारशे सहावं चित्र फुकटवाल्यात उघडलं. सगळी नदी काळी.

मी भित्री आहे, पण इतकी नाही. आबांना मिरजेच्या हॉस्पिटलात दाखवायचं.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार
आबांना थाप मारली. माझ्या कंपनीच्या विम्यात आईवडिलांची तपासणी फुकट असते, मार्चच्या आत करावी लागते. आबा तयार झाले. आई मागून ओरडली, मला न्हाई जमायचं, धारा कोण काढंल? बरं झालं. आईसमोर हे ऐकायची वेळ नको.

मंगळवारची वेळ मिळाली. चार दिवस काढायचेत.

१८ फेब्रुवारी, मंगळवार
काही नाही! काहीही नाही!! डोळ्यांची तपासणी झाली, बाजूचं दिसतंय का तेही पाहिलं, हातापायांची ताकद पाहिली, मी हट्ट केला म्हणून मेंदूचा फोटोही काढला. डॉक्टर म्हणाले, सहासष्टाव्या वर्षी असे डोळे माझे असावेत. मी बाहेर येऊन बाकावर बसले.

मग हसत हसत आबांना सगळं खरं सांगितलं. बरोबर नेलेले कागद दाखवले—या फटी बघा, यांनी माझा जीव घेतला. आबांनी चष्मा पुसला. एकेक चित्र घेतलं, डावी बाजू पाहिली, खाली ठेवलं. शेवटपर्यंत पाहिलं. मग गठ्ठा नीट जुळवून माझ्याकडं परत सरकवला. मला वाटलं, मास्तरांना चूक दाखवलेली लागली.

स्टँडवर गाडीत बसवलं. आबांनी खिडकीतून हातही केला नाही. असू दे. आज मी पोटभर जेवले.

१९ फेब्रुवारी, बुधवार
सकाळीच आबांचा फोन. आवाज बसलेला. "पूजा, दर हालचालीचं पैलं आणि शेवटचं चित्र माझं असतंय. मधली समदी डिसेंबरपासनं तुझी आई काढती. तुला सांगू नगा म्हणाली, हसशील म्हणून."

तेवढ्यात आईनं फोन घेतला. फटींचं तिला त्यांनी काहीच सांगितलेलं नव्हतं, आवाजावरूनच कळलं.

"कळलं व्हय तुला?" ती लाजत म्हणाली. "खरं सांग, कशा आल्यात माझ्या म्हशी?"

लय भारी आल्यात, म्हटलं. आणि आजच वाईला येते म्हणून सांगितलं.