आधी सुई की स्पीकर

रविवार, संध्याकाळ. सरोजिनी नगर.

स्पीकर मोठे घ्यायचे, हे महिनाभर डोक्यात पक्कं होतं. भीमगीतांची ती एकच रेकॉर्ड, बाबा तिच्यात कोरसला आहेत. ते गेले तेव्हा मी दोन वर्षांचा. त्यांचा आवाज दुसरीकडे कुठेच नाही, आणि यातही मला चौघांचा नुसता गोळा ऐकू यायचा. वाटलं, स्पीकरच लहान.

मी काम करतो त्या कँटीनला आज सुट्टी. रेडिओ दुरुस्त करणारे शेजारचे काका आले. सुईच्या दांडीवर चिकटवलेलं रुपयाचं नाणं बघून ओरडलेच, "अरे यार, हे काय?"

"सुई उडते, म्हणून वजन."

"रेकॉर्ड खरवडतोयस, गाढवा! स्पीकर राहू दे, आधी सुई बदल."

खरवडत होतो? मीच? बाबांना?

काकांनी नाणं काढलं, स्वतःच्या डब्यातली नवी सुई बसवली. स्पीकर तेच जुने. आणि चौघे वेगळे झाले! चार माणसं, चार गळे. त्यातला एक दर वेळी सगळ्यांच्या जरा आधीच सुरू होतो. नागपूरला आईला फोन लावून ऐकवलं.

"तेच," ती म्हणाली. "गाण्याचे मास्तर किती ओरडायचे त्यांना. घाई, दुसरं काय!"

मग मी आणखी तीनदा लावली. तिन्ही वेळा बाबा आधी आले.