तोच उपदेश, तिसऱ्यांदा

रविवार, ४ मे

आज चर्चमध्ये माझ्या उपदेशात खजिनदारकाका घोरले. नुसते डुलले नाहीत — घोरले! मी आवाज चढवला, त्यांनीही चढवला. शेवटी मीच हार मानली. आणि दारात हात मिळवताना म्हणतात, "पाळकसाहेब, आज अगदी काळजाला हात घातलात." कोणाच्या?

विषय होता भावाभावांचा समेट. आठवडाभर खपून लिहिलेला. बेकरीवाला मान खाली घालून बुटांकडे बघत होता. पहाटे उठतो बिचारा, डोळा लागला असेल.

सोमवार, ५ मे

बायकोला म्हटलं, कोणी ऐकत नाही. ती म्हणाली, "ऐकतात हो. दाखवत नाहीत, इतकंच."

मग पैज लावली. येत्या रविवारी तोच उपदेश, शब्दाला शब्द. कोणी ओळखला तर महिनाभर भांडी मी घासायची. नाही ओळखला तर व्यासपीठ सोडायचं आणि मिशनच्या वसतिगृहातली वॉर्डनची रिकामी जागा मागायची. तिथली मुलं जांभया तरी उघड देतात.

ती हसली. मी हसलो नाही. वसतिगृहाचं मी खरंच मनावर घेतलं आहे.

रविवार, ११ मे

दिला! तोच. तेच विनोद, त्याच जागी तोच खोकला. कोणाच्या कपाळावर आठी नाही. खजिनदारकाका म्हणाले, "वा, दर वेळी काहीतरी नवीन असतं तुमचं."

पैज जिंकलो आणि दुपारी जेवण गेलं नाही. इतकी वर्षं मी भिंतींशी बोलतो आहे की काय! बायको म्हणते, "पाळकांचे कागद चुकून बदलले असतील, असं समजून सोडून दिलं असेल लोकांनी. एकदा आणखी द्या." हरली तरी खेळ मोडू देत नाही.

मंगळवार, १३ मे

वसतिगृहाच्या व्यवस्थापकांना फोन केला. जागा अजून रिकामीच. रविवारनंतर कळवतो म्हटलं.

रविवार, १८ मे

तिसऱ्यांदा. आज खोडी काढायची म्हणून एक वाक्य अर्धवटच सोडलं — "अशा वेळी थोरल्याने काय करावं? त्याने…" पुढच्या बाकावरच्या आजीचे ओठ हलले. माझेच पुढचे शब्द ती पुटपुटली असं वाटलं. भास असेल.

नंतर कोणी काही बोललं नाही. सगळे घाईघाईने निघून गेले, बेकरीवाला तर हातही न मिळवता.

संपलं. उद्या फोन करतो.

सोमवार, १९ मे

फोन करायच्या आत बेकरीवाला दारात. हाताला पीठ, डोळे लाल. बसलाही नाही.

"पाळकसाहेब, आता पुरे करा. तीन रविवार माझी एकट्याची हजेरी घेताय. पहिल्यांदा वाटलं, योगायोग. दुसऱ्यांदा सगळं चर्च माझ्याकडे चोरून बघत होतं. आणि काल तर पलीकडच्या बाकांवरून धाकटाही बघायला लागला."

धाकटा म्हणजे त्याचा भाऊ, नळ दुरुस्त करतो तो. बापाच्या घराच्या वाटणीपासून दोघांचं बोलणं बंद. एक उजवीकडे बसतो, एक डावीकडे. हे मला पक्कं ठाऊक आहे, आणि उपदेश लिहिताना ते माझ्या डोक्यातही आलं नव्हतं!

"मग?" मी भीत भीत विचारलं.

"मग काय, काल संध्याकाळी गेलो त्याच्याकडे. त्याची बायको म्हणते, बरं झालं आलात भाऊजी, नाहीतर चौथ्यांदा ऐकावा लागला असता."

म्हणजे सगळ्यांनी ओळखला होता. त्याच्यासाठीच चाललंय असं समजून सगळे गप्प बसले होते. (खजिनदारकाका सोडून.) ही सगळी माझी पैज होती, हे सांगायला माझी जीभ रेटली नाही. मी फक्त त्याला हात धरून बसवलं आणि दोघेही थोडा वेळ रडलो.

तो गेल्यावर बायकोने घासणी माझ्या हातात दिली. भांडी झाल्यावर वसतिगृहाला फोन केला, नको म्हणून कळवलं.

रविवार, २५ मे

नवा उपदेश. दोघे भाऊ एकाच बाकावर. निम्म्यात धाकट्याचा डोळा लागला, डोकं थोरल्याच्या खांद्यावर टेकलं. थोरला जागचा हलला नाही. मी आवाज खाली आणला.