दोन इंच सैल पँट

बाबा, तुम्ही खरंच दारू सोडलीत का?

हे तोंडावर विचारून दाखव, अशी मैत्रिणींनी पैज लावली होती. जमलं नाही, म्हणून चिठ्ठी शिलाई मशीनवर ठेवून शाळेत पळतेय. हरले तर हरले!

काल तुमची राखाडी पँट इस्त्री करताना कमरेला नवा दोरा दिसला. अख्ख्या गल्लीचे कपडे तुम्ही शिवता, पण मीही शिंप्याचीच लेक आहे. दोन इंच सैल केलीत! डॉक्टरांनी बजावलं होतं ना, पोट फुगलं तर लिव्हरमुळे पाणी साठतंय, लगेच दाखवायला या? आणि तुम्ही गुपचूप पँट उसवत बसलात.

आई, तूही आता सगळ्यांना ‘साधी कावीळ’ सांगू नकोस. मैत्रिणींना मी खरं सांगितलं, कुणीही हसलं नाही.

बाबा, परत प्यायला असाल तरी मी रागावणार नाही. बरं, थोडी रागावेन. पण पूर्ण बंद केलीत तर लिव्हर अजून सावरू शकतं, असं डॉक्टरच म्हणालेत. माझा निरोप समारंभाचा ड्रेस दुसऱ्या कुणी शिवलेला मला चालणार नाही.

तर माझं ठरलंय. शाळा सुटली की मी थेट दवाखान्यात येतेय. आई, बाबांना तीच पँट घालून आण. दोन इंचांचं डॉक्टरांना मी सांगणार.