नऊ वाजताचं दूध

८ सप्टेंबर

अंजना आज गच्चीच्या जिन्यात चौथ्या पायरीवर मटकन बसली. ओल्या कपड्यांची बादली मांडीवर! "थांबा जरा, गुडघे मागून येऊन राहिले," म्हणाली आणि हसली. मला हसू आलं नाही. दुपारी समता कॉलोनीत डॉ. ज्ञानदाबाईंकडे नेलं. रक्त दिलं.

१० सप्टेंबर

रिपोर्ट आला. विटामिन डी अगदी तळाला. बाईंनी पुड्या लिहून दिल्या. हप्त्यातून एक, दुधातून, आठ हप्ते. बाकी काही नको म्हणाल्या.

आठ हप्ते म्हणजे नोव्हेंबर उजाडला! नऊ नोव्हेंबरला आमच्या लग्नाला चाळीस वर्षं होतात आणि मी अंजनाला डोंगरगडची प्रज्ञागिरी, टेकडीवरचा तो मोठा बुद्ध, दाखवायचं कबूल करून बसलोय. दोनशेच्या वर पायऱ्या. चौतीस वर्षं मालगाडीचा गार्ड होतो. शेवटच्या डब्यातून ती टेकडी शेकडो वेळा पाहिली. घरी येऊन सांगायचो आणि ती विचारायची, मले कधी नेता? रिटायर होऊन सात वर्षं झाली, अजून नेलं नाही. लाज वाटते.

गाडी लेट सुटली की पुढे टाइम मेकअप करायचा, हे तर आमचं रोजचंच काम होतं. इथेही करू. रोज एक पुडी. लवकर भरून निघेल!

१३ सप्टेंबर

पोराने, प्रशिकने, बेंगळुरूहून तीन बाटल्या पाठवल्या — मल्टिविटामिन, कॅल्शियम, माशाच्या तेलाच्या कॅप्सूल. लेक मोनाली भिलाईहून सांध्यांच्या गोळ्या घेऊन आली. सकाळच्या फिरण्यातले सुशीलभाऊ म्हणाले, हिरव्या गोळ्या द्या, माझी मिसेस पळायला लागली. आणल्या. ताकदीच्या वस्तू आहेत, औषधं थोडीच आहेत! नुकसान काय होणार?

फ्रिजवर टाइम टेबल चिकटवलं. सात, नऊ, एक, पाच, आठ. अंजनाने ते चष्मा लावून वाचलं. "इतक्या त गाड्या बी नाई थांबत गोंदियाले," म्हणाली. पण घेते बिचारी. हातावर गोळी ठेवतो, ती मान हलवते, मी पुढच्या कामाला लागतो.

१८ सप्टेंबर

पुड्या संपल्या. पुन्हा आणल्या. मेडिकलवाल्याने विचारलं, फिर से, अंकल? घरातले सगळेच घेतात म्हणालो. पुढच्या वेळी दुसऱ्या दुकानात जाईन.

२७ सप्टेंबर

नऊ वाजताचं दूध मीच करतो. पुडी तळाशी बसते, म्हणून नीट ढवळावं लागतं. आणि ग्लास रिकामा होईपर्यंत समोर बसावं लागतं, नाहीतर ती मांजरीला पाजेल! एवढासा ग्लास, पण वीस-वीस मिनिटं लावते. एक घोट, एक गोष्ट. आज तुमसरच्या तिच्या मामाची गोष्ट ऐकली. मामा म्हैस विकायला गेला आणि दोन घेऊन आला. चाळीस वर्षांत ही गोष्ट माझ्या कानावर कशी आली नाही? तिने सांगितली असेल, मी ड्यूटीवर असेन.

४ ऑक्टोबर

अंजना पूर्ण जिना चढली! न बसता! मी खालून गार्डाची शिट्टी वाजवली. शेजारचे बाहेर आले. ती वरून म्हणाली, शरम करा थोडी.

पाहा, टाइम मेकअप होतोय.

१५ ऑक्टोबर

पाणी फार पिते आहे. सारखी बाथरूमला. ऊन आहे म्हणून असेल.

२० ऑक्टोबर

जेवत नाही. चार दिवस पोट साफ नाही, सकाळी उलटी झाली. पाचक चूर्ण सुरू केलं. दूध मात्र सोडत नाही, तेवढंच समाधान. ग्लास हातात धरून बसते, बोलत काही नाही.

२४ ऑक्टोबर

सकाळी मला प्रशिक म्हणाली. मग विचारलं, बाबांची गाडी आली का? मी समोरच होतो.

मोनालीला फोन केला. ती कशी आली, आम्ही हॉस्पिटलात कसे पोचलो, नीट आठवत नाही. रक्तातलं कॅल्शियम भलतंच वाढलंय. किडनीवर ताण आलाय. सलाइन लागलं. ज्ञानदाबाई इथेही येतात, तेवढा धीर.

२५ ऑक्टोबर

बाईंनी विचारलं, काका, काय काय देत होता? सगळ्या बाटल्या पिशवीत घालून नेल्या, टेबलावर मांडल्या. सुशीलभाऊंच्या हिरव्या गोळ्यासुद्धा. त्या म्हणाल्या, आणि पुडी? हप्त्यातून एकच ना?

मोनाली बाजूला उभी होती. मी म्हणालो, हो.

२६ ऑक्टोबर

बाई म्हणाल्या, या बाटल्यांनी कॅल्शियम एवढं चढत नाही. दुसरं कारण शोधावं लागेल. कुठे गाठ तर नाही ना, हे बघायच्या तपासण्या लिहिल्या. मोनाली कॉरिडॉरमध्ये भिंतीला टेकून रडायला लागली. चिठ्ठी माझ्या हातात. चौतीस वर्षं गार्डाच्या जर्नलमध्ये एक मिनिट खोटं लिहिलं नाही मी. सिग्नलवर गाडी थांबली तर थांबली, चूक माझी तर माझी. आणि इथे माझी बायको आत पडलेली, माझी पोरगी रडते आहे, आणि मी एका 'हो'मागे लपलोय!

परत केबिनमध्ये गेलो. मोनालीलाही बोलावलं. बसलो नाही.

"बाई, मी खोटं बोललो. पुडी रोज देत होतो. पंचेचाळीस दिवस."

बाईंनी पेन खाली ठेवलं. रागावल्या नाहीत, रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. हळू आवाजात समजावलं — जास्तीचं सगळंच विटामिन लघवीवाटे निघून जात नाही, हे अंगात साचत जातं. ते हाडांतलं आणि अन्नातलं कॅल्शियम रक्तात ओतत राहतं. जिन्याचंही सांगितलं, तर म्हणाल्या, चढल्या त्या दिवशी थांबला असता तरी चाललं असतं, काका. त्यांनी आधी विटामिनची तपासणी लिहिली, बाकीच्या थांबवल्या.

मोनाली एवढंच म्हणाली, "बाबा, एक बार पूछ तो लेते."

२७ ऑक्टोबर

विटामिन मशीनच्या मापाबाहेर गेलंय. कारण तेच निघालं, गाठ वगैरे काही नाही. आनंद झाला. असा आनंद कुणाला होऊ नये.

२९ ऑक्टोबर

कॅल्शियम उतरतंय. अंजनाने आज मला ओळखलं! डोळे उघडून आधी माझ्या शर्टाकडे पाहिलं. "बटण तुटलं, तसेच फिरून राहिले काय सगळीकडे?" मी बाहेर जाऊन रडलो. मोनालीने पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं.

३० ऑक्टोबर

अंघोळीला घरी आलो होतो. म्हटलं बटण लावूनच जावं, तिला बरं वाटेल. तिचा बटणांचा डबा उघडला.

बटणांत गोळ्या! पांढऱ्या, पिवळ्या, सुशीलभाऊंच्या हिरव्या. माशाच्या कॅप्सूल एकमेकींना चिकटून त्यांचा गोळा झालेला. पहिल्या दिवसापासूनच्या असाव्यात. एकही घेतली नाही अंजनाने! मी पाठ वळवली की डब्यात.

म्हणजे उरलं ते फक्त दूध. आतापर्यंत मनात कुठेतरी दोषाचे वाटे पाडत होतो — थोडं प्रशिकच्या बाटल्यांचं, थोडं सुशीलभाऊंचं. तसं काही नाही. सगळं माझ्याच हातचं, माझ्याच चमच्याने ढवळलेलं. डबा मांडीवर घेऊन बसलो, बटण लावायचं राहूनच गेलं.

३ नोव्हेंबर

घरी आणलं. फार वाळली आहे. दूध सध्या बंद, पाणी भरपूर, दर हप्त्याला रक्त तपासायचं. किडनी सावरेल म्हणतात, वेळ लागेल. यावेळी टाइम मेकअप नाही! बाईंच्या कागदावर आहे तेवढंच, विचारून. फ्रिजवरचं टाइम टेबल फाडलं.

प्रशिकला फोनवर सगळं सांगितलं. त्याला वाटत होतं त्याच्याच बाटल्यांनी झालं. म्हणाला, मैंने भी तो बिना पूछे भेजा. पोट्टा रडत होता.

९ नोव्हेंबर

चाळीस वर्षं. डोंगरगड नाही. मोनालीने मोबाइलवर टेकडीचा फोटो दाखवला, अंजनाने बोटाने मोठा करून पायऱ्या मोजायचा प्रयत्न केला. टेकडी कुठे पळते काय, म्हणाली.

बटणांच्या डब्याचं अजून विचारलेलं नाही. रोज ठरवतो.

१० नोव्हेंबर

आज विचारलं. डबा पुढे ठेवला. म्हटलं, अंजना, सगळं लपवलंस, मग ते दूधच तेवढं काहून पीत राहिलीस? शेवटी तर घशाखाली उतरत नव्हतं.

ती गोळ्यांतून बटणं वेगळी करत होती. मान वर केली नाही.

"गोळ्या त हातावर ठेवून तुम्ही निघून जात होते. दुधाच्या टायमाले जवळ बसत होते."

नऊ वाजून वीस झालेत. तिच्या ग्लासात साधं पाणी आहे. मी बसलोय.