मोऱ्यांच्या देवकातून नात देण्याबाबत

मी, शोभना सतीश मोरे, वय ७१, निवृत्त रेडिओलॉजिस्ट, राहणार नावन, परगणा मीथ, आयर्लंड, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत आणि स्वतःच्या मर्जीने लिहिते आहे. माझ्यावर कुणाची जबरदस्ती नाही. जबरदस्ती करायला घरात दुसरं माणूसच उरलेलं नाही. डोकं ठिकाणावर आहे, स्वादुपिंड मात्र कामातून गेलं आहे. माझा स्कॅन मीच वाचला. एक तरुण डॉक्टर मला तो हळुवारपणे समजावू लागला, तेव्हा त्याला थांबवून कुठे काय पसरलंय ते मीच दाखवलं. बिचारा घामाघूम झाला. यापूर्वी मी केलेली सर्व मृत्युपत्रं या लेखाने रद्द समजावीत.

हे मराठीत कशाला, असं सॉलिसिटर बाईंनी विचारलं. म्हटलं, यात थोडं भांडायचंय आणि थोडं रडायचंय, दोन्ही मला इंग्रजीत जमत नाही. त्या म्हणाल्या, "दॅट्स ग्रँड, शोभना," (इथे 'बरं, ठीक आहे'ला ग्रँड म्हणतात) आणि सोबत भाषांतर जोडायला सांगितलं. ते जयेश करेल.

कलम १. व्यवस्थापक म्हणून मी ल्यूकनच्या जयेशला नेमते. माझा मुलगा सारंग याचा तो ऑफिसातला दोस्त. इमानी आहे, पण फोन उचलत नाही. त्याच्याकडे काम असेल तर सरळ घरी जाऊन बेल वाजवावी.

कलम २. घर विकावं आणि जे येईल ते माझी सून टॅनिस हिला द्यावं. प्रेसमधली भांडी (इथे कपाटाला प्रेस म्हणतात, माझ्याही तोंडात तेच बसलंय) चॅरिटीच्या दुकानात द्यावीत. कुकर तेवढा जयेशने घ्यावा. त्याची तिसरी शिट्टी अडकते, घाबरायचं कारण नाही. सारंगच्या खोलीतले कपडे मी अजून हलवलेले नाहीत. ते कुणी धुवू नयेत, आहेत तसे पिशवीत भरून माझ्याबरोबर जाळावेत.

कलम ३. हॉलमधलं मोठं चित्र टॅनिसने काढलेलं आहे, ते तिलाच परत जावं. त्याबद्दल जरा सविस्तर लिहिते, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

टॅनिस अनिशिनाबे आहे, म्हणजे कॅनडातल्या ह्युरॉन सरोवराकाठची मूळची माणसं. डब्लिनला तिच्या चित्रांचं प्रदर्शन होतं, तिथे सारंगला ती भेटली. पहिल्यांदा तिला घरी आणलं तेव्हा मी साताऱ्याची सून, सवयीने विचारून बसले, "तुमचं देवक कोणतं?" सारंगने कपाळावर हात मारला. "आई, प्लीज!" मग त्यालाच इंग्रजीत सांगावं लागलं, की देवक म्हणजे घराण्याची खूण, एखादं झाड, पक्षी, पीस असं काहीतरी. बापाकडून येतं, लग्नाआधी ते बसवतात, आणि ज्यांचं देवक एक त्यांच्यात सोयरीक होत नाही.

टॅनिसने कप खाली ठेवला. "क्रौंच," ती म्हणाली. "माझ्या वडिलांकडून. आणि तुमचं?"

या देशात उभी हयात काढली, हा प्रश्न इथे कुणाला कळला नव्हता. आणि या पोरीने तो मला उलट विचारला! त्यांच्यात त्याला डूडेम म्हणतात. तेही बापाकडूनच येतं, आणि एकाच डूडेमच्या दोघांचं लग्न त्यांच्यातही होत नाही. "मोरपीस," मी म्हटलं. त्या क्षणापासून ती मला सारंगपेक्षा जास्त आवडायला लागली, हे त्याला माहीत होतं.

लग्न इथेच, गावच्या हॉलमध्ये झालं. देवक बसवायला जोडपं लागतं. माझे यजमान आधीच वारलेले. विधवेने देवकाला हात लावू नये म्हणतात, म्हणून माझे धाकटे दीर संजीव आणि जाऊबाई यांना साताऱ्याहून बोलावलं. तिकिटं काढून देते म्हटलं. भाऊजींनी पाठदुखी पुढे केली. तेव्हा देवक मी एकटीनेच बसवलं. पिसं जवळच्या एका बड्या बंगल्याच्या बागेतून आणली. तिथल्या माळ्याने पिशवी भरून दिली, वर मोरांना शिव्याही घातल्या.

चित्र त्यानंतरचं, माझी नात मुक्ता झाली तेव्हाचं. जाड काळ्या रेषा, आत भडक रंग, आणि माणसांच्या अंगातून आरपार दिसतं. तिच्याकडच्या चित्रकारांची ही रीतच आहे. जन्मभर एक्स-रे पाहिलेल्या बाईला त्याचं काय अप्रूप! फक्त मी यकृत शोधायची तिथे ही कुळ काढते. टॅनिसच्या पोटात क्रौंच आहे, सारंगच्या छातीत मोरपीस. दोघांपासून निघालेल्या काळ्या रेषा मधल्या छोट्या मुक्ताला जाऊन मिळतात, आणि मुक्ताच्या अंगातही एक पीस आहे, पण नुसती बाह्यरेषा, आत रंग नाही. मी म्हटलं, हे अर्धवट का ठेवलंस? टॅनिस म्हणाली, "रंग तिच्या बापाच्या माणसांनी भरायचा. ती तिला जवळ घेतील तसतसा मी एकेक भरत जाईन."

मुक्ता शाळेत जायला लागली त्या वर्षी सारंग गाडीच्या अपघातात गेला. रंग राहिलाच.

कलम ४. दीर संजीव मोरे, राहणार सातारा, यांच्याबद्दल.

सारंग गेल्यावर टॅनिस मुक्ताला घेऊन माहेरी गेली. मी अडवलं नाही, इथे तिला काय होतं? तिकडे त्यांचे सण असतात, जेवणावळी असतात, आणि माणसं आपापल्या कुळाबरोबर बसतात. टॅनिसने फोनवर सांगितलं, मुक्ता दारापाशी उभी राहते. क्रौंचांत बसता येत नाही, कारण ते आईचं. बापाचं कुळ नसलेल्या लेकरांची सोय त्यांच्या गावात आहे, मार्टेनचं कुळ त्यांना आपलं म्हणतं. मार्टेन म्हणजे मुंगसासारखा, दाट केसांचा, झाडावर चढणारा प्राणी. टॅनिसची मावशी डोरीन त्याच कुळातली, मोठी मानाची बाई. पण तीच अडून बसली. म्हणाली, या मुलीच्या बापाला कुळ होतं. दुसऱ्याचं लेकरू विचारल्याशिवाय उचलायचं नाही. आधी त्याच्या माणसांना विचारा.

त्याची माणसं! मी साताऱ्याला फोन लावला.

"भाऊजी, मुक्ताला तुमचं म्हणाल का?"

"म्हणजे काय करायचं, वहिनी?"

"काही नाही. मी आता फार दिवस राहत नाही. कधी आली तर अंघोळीला पाणी द्या, पंक्तीला बसवा. तिच्या लग्नात देवक बसवा. आणि आत्ता एकदा तिकडे फोन करून सांगा, की ही आमची आहे."

"वहिनी, मुलगीच ती. आज ना उद्या परक्या घरची. आणि त्यातून..."

"त्यातून काय?"

"आता तुम्हाला सगळं बोलूनच दाखवायला हवं का? उद्या आमच्या पोरांच्या सोयरिकी व्हायच्यात." मागून जाऊबाईंचा आवाज आला, दूध उतू जातंय म्हणून. "बघू," ते म्हणाले आणि फोन ठेवला.

साताऱ्यातल्या 'बघू'चा अर्थ मला शिकवायला नको. तरी मी वाट पाहिली. मूर्खासारखी फोन उशाशी घेऊन झोपत होते. पुन्हा दोनदा लावला, दोन्ही वेळा जाऊबाईंनी ते देवळात गेल्याचं सांगितलं. कुठल्या देवाला तोंड दाखवतात कोण जाणे.

सबब, संजीव मोरे यांना माझ्या मिळकतीतलं काहीही मिळू नये. माझ्या जाण्याची खबर त्यांना जयेशने कळवू नये. कर्णोपकर्णी कळलीच आणि त्यांचा सांत्वनाचा फोन आला, तर जयेशने नेहमीप्रमाणे उचलू नये.

कलम ५. माझं दहन करावं. राख सारंगला ठेवलंय तिथेच ठेवावी. दहावं, तेरावं, वर्षश्राद्ध काही करू नये. करायला अधिकारी कुणी नाही, आणि या कलमाने नेमून तो तयारही होत नाही. कावळ्याला घास ठेवायची हौस माझी ल्यूकनची मैत्रीण उल्का हिला येईल. तिला सांगावं की इथले कावळे माझ्या ओळखीचे नाहीत.

कलम ६. माझी नात मुक्ता सारंग मोरे.

मोऱ्यांकडून कुणी उभं राहत नाही हे मी डोरीनबाईंना कळवलं. त्यांनी व्हिडिओवर बोलावलं. थोराड बाई, कमी बोलणारी. विचारलं, "घरातले पुरुष कुठे आहेत?" मी म्हटलं, दोन मेले, आणि तिसरा आहे तो मेल्यात जमा. मग खरं तेही सांगितलं, की मीसुद्धा या मोरपिसात लग्नाने आलेली, माझं माहेरचं देवक कळंब. द्यायचा हक्क मला आहे का, मलाच माहीत नाही. त्यांनी ते ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "त्या पोरीसाठी फोन कुणी केले?" म्हटलं, मी. "मग तूच दे."

आमच्यात दत्तक देताना देणारा पाणी सोडतो. ते कसं करायचं समुद्रापार? मी फोन किटलीला टेकवून उभा केला, तांब्या घेतला, आणि सिंकवर उजव्या हातावरून पाणी सोडलं. तिकडे डोरीनबाईंनी दोन्ही हातांची ओंजळ धरली. मी मोठ्याने म्हटलं, मुक्ता मी तुम्हाला दिली. त्यांनी त्यांच्या भाषेत काहीतरी म्हटलं, टॅनिस तोंड फिरवून रडत होती. पाणी सिंकच्या भोकातून निघून गेलं. मला सुटल्यासारखं वगैरे काही वाटलं नाही. पोटातून काहीतरी ओढून काढल्यासारखं वाटलं, आणि ते माझ्या दुखण्याचं नव्हतं.

तरी ते या लेखाने पुन्हा कायम करते. मुक्ता मोऱ्यांच्या देवकातली नाही, मार्टेनांची आहे. तिच्यावर मोऱ्यांपैकी कुणाचाही, आज किंवा पुढे कधी, हक्क राहणार नाही. चित्रातलं तिच्या अंगातलं पीस टॅनिसने पुसून हवं ते काढावं, माझी हरकत नाही. सारंगचं पुसू नये.

आता शेवटचं. पाणी सोडून झाल्यावर मुक्ता कॅमेऱ्यासमोर आली. मराठी तिला सगळं कळतं, बोलते इंग्रजी, अजून अगदी नावनच्या पोरींसारखी. माझं दुखणं तिला सांगितलेलं नाही. ती म्हणाली, "आजी, मी इकडे आले तर पिसात बाबांबरोबर कोण राहिलं?"

मी म्हटलं, "मी आहे की!"

"ग्रँड," ती म्हणाली आणि खेळायला पळाली.

हे मृत्युपत्र अमलात येईल तेव्हा माझं ते उत्तर खोटं ठरलेलं असेल. त्याची कोणतीही तजवीज मला करता आलेली नाही.

सही: शोभना सतीश मोरे

वरील सही शोभनाताईंनी आम्हा दोघींच्या देखत केली आणि आम्ही त्यांच्या देखत सह्या केल्या. आम्हा दोघींना या लेखाने काहीही मिळत नाही.

साक्षीदार १: उल्का जयवंत देशमाने, ल्यूकन
साक्षीदार २: ब्रीजेट फॅरेली, शेजारीण, नावन (मजकूर वाचता येत नाही, सही होताना पाहिली)

ठिकाण: नावन, परगणा मीथ
दिनांक: ११ फेब्रुवारी २०२५