चौघांचा एक चेहरा

९ ऑक्टोबर १९८९

क्वी मास्तरांनी चित्र काढायला नाही म्हटलं.

सकाळच्या बोटीने बेटावरून गावात गेले, त्यांचं दुकान शोधलं, तासभर बाकावर बसले. मास्तर काजळीची पूड कुंचल्यावर घेऊन कोणाच्या तरी आजीच्या सुरकुत्या काढत होते. मान वर न करता म्हणाले, "फोटो?" मी नाही म्हटलं. "मग सांगा, कसा दिसायचा."

सांगितलं. गोल चेहरा. सावळा. हसताना डोळे बारीक व्हायचे.

मी शाळेत साहित्य शिकवते. धाकट्या भावाचं वर्णन करायला मला तीन वाक्यं सुचली, आणि तिन्ही कोणालाही लागू पडतील अशी!

"बाई, असे या किनाऱ्यावर दहा हजार असतील," मास्तर म्हणाले. मग कुंचला खाली ठेवला. "नातेवाईक आहेत ना? त्यांचे फोटो आणा. नाही, आणू नका — कापा. ज्याचं नाक त्याच्यासारखं, त्याचं नाक. ज्याचे डोळे, त्याचे डोळे. एका पुठ्ठ्यावर बसवून आणा. त्यावरून मी काढतो."

मी आजवर कागद कापून काही चिकटवलेलं नाही. तसं सांगितलं.

"वर्षश्राद्ध कधी?"

बारा नोव्हेंबर. तो निघाला तो दिवस धरलाय.

"मग शिका. आणि समुद्र बंद व्हायच्या आत या."

१० ऑक्टोबर

आई लसणाच्या वाफ्यात वाळू पसरत होती. सगळं सांगितलं. ती थांबली नाही.

"तुकडे जोडून गोधडी होते. माणूस होतो का?"

मग म्हणाली, "कर. पण चेहरा पाहिजे. नुसत्या नावाला मी जेवण वाढणार नाही."

खोयची, माझ्या भावाची, बोट बुडाली तेव्हा पाचातलं कोणीच परत आलं नाही. बेटाच्या रीतीप्रमाणे मातीचा माणूस केला, आत तुतीच्या फांद्यांची हाडं घातली, पुरला. देह झाला, थडगं झालं. पण देव्हाऱ्यात बाबांच्या चित्राशेजारी लाल कागदावर नुसतं नाव आहे. आई रोज त्या नावाकडे न पाहता उदबत्ती लावते.

१२ ऑक्टोबर

एक फोटो होता. इथे लिहून ठेवते. घरात हे बोलायचं नाही.

तीन वर्षांपूर्वी फिरता फोटोवाला धक्क्यावर आला होता. खोय आणि दोन मित्र. खोय मधे. एकच प्रत काढली, ती त्याच्या वाट्याला आली. नाचवत घरी आणली. आईने हातात घेतली, पाहिली, आणि चुलीत घातली.

तिघांच्या फोटोत मधला आधी जातो. इथे हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे, खोयला ठाऊक नव्हतं असं नाही. तरी ओरडला — "आई! एवढा छान आलो होतो मी!"

"म्हणूनच," आई म्हणाली.

दुसरा फोटो ओळखपत्रावरचा. ते त्याच्या खिशातच गेलं.

कडेचे दोघंही त्याच बोटीवर होते. हे आईला कोणी कधी म्हटलेलं नाही. तिला मोजता येतं.

१५ ऑक्टोबर

रविवार. फोटो मागत फिरले.

सहाव्या काकांचा सैन्यातला मोठा फोटो आहे, विशीतला. खोयचं नाक त्यांचंच, सगळे म्हणायचे. काका जाळं शिवत होते.

"नाक घेऊन जा. पण परत कधी देणार? नाकाशिवाय तंबाखू कसा ओढू?"

"नाकच नाही काका, गाल आणि कपाळही लागेल. पाया तुमचाच."

"म्हणजे मला काय ठेवलंस? कान?"

हसले. मग जाळं बाजूला ठेवून आत गेले आणि बराच वेळ बाहेर आलेच नाहीत. फोटो काकूने आणून दिला.

चौथ्या आत्याकडे गेले. खोयचं तोंड तिचं. वरचा ओठ पातळ, एका बाजूला उचललेला, न हसतानाही हसल्यासारखा. आत्या सत्तरीची, काकांपेक्षा मोठी, आणि कोणाला भीत नाही. पण आज भ्यायली.

"जिवंत माणसाचं तोंड कापून पितरांत ठेवणार? मी अजून मेले नाही ग!"

"ठेवणार नाही आत्या. मास्तरांना दाखवायचं. ते चित्र काढतील. चित्र देव्हाऱ्यात, तुकडे पेटीत."

शेवटी तिने लग्नातला एक फोटो दिला. घोळक्यात तिसरी. तोंड तांदळाच्या दाण्याएवढं.

१६ ऑक्टोबर

कात्री घेऊन बसले. उठले. पुन्हा बसले.

काकांच्या डोळ्यांना भोक पाडायचं होतं. ते माझ्याकडे पाहत होते. फोटो उलटा करून पाठीमागून कापला. अंदाज चुकला, भुवईचा तुकडा गेला.

आज एवढंच.

१८ ऑक्टोबर

डोळे आईचे. तिचा तरुणपणीचा एकच फोटो आहे, त्याचा अर्धा भाग ओलीने खाल्लेला. डावा डोळा शाबूत.

मला वाटलं, एक मिळाला की काम झालं. मोठ्या शहाणपणाने तो पातळ कागदावर गिरवून उलटा केला, पेन्सिलीने उजवा काढायला गेले. माशाचा डोळा! मी चित्रकार नाही, आणि डोळा पालथा घालता येत नाही. पालथा घातला की पाठीचा पांढरा कागद दिसतो.

उजवा डोळा माझा घातला. शाळेसाठी काढलेल्या मोठ्या फोटोतला. माझे डोळे आईवर गेलेत असं म्हणतात. शेजारी ठेवल्यावर तसं वाटेना. आईचा डोळा काहीतरी पाहतो आहे. माझा डोळा नुसता फोटो काढून घेतो आहे.

२१ ऑक्टोबर

भाताची खळ केली. जास्त पातळ. लावली. जास्त लावली.

तुकडे बसवले तेव्हा क्षणभर वाटलं, आहे. कोणीतरी आहे. तोंड बाळाएवढं, तरीही. पुठ्ठा पडवीत वाळत ठेवून शाळेत गेले.

आले तेव्हा कागद फुगला होता. गाल वर आलेले, पापण्या सुजलेल्या, ओठाची कड सुटलेली. आठ दिवस पाण्यात राहिलेल्या माणसासारखा.

आईने पाहायच्या आत टोपली झाकली. तिने पाहिलं होतं. वाफ्यात गेली.

२२ ऑक्टोबर

मास्तरांना हे दाखवता येणार नाही. कोणालाच दाखवता येणार नाही.

२६ ऑक्टोबर

तुकडे पुन्हा हवे होते, दुसरे फोटो नाहीत. गरम पाण्याच्या परातीत पुठ्ठा बुडवला. तुकडे एकेक करून सुटले. पाण्यावर काकांचं नाक, कपाळ. बाजूला आईचा डोळा, माझा डोळा, दोन्ही वर पाहणारे.

आई तांदूळ धुवायला आली. परातीकडे पाहत उभी राहिली.

"एवढाच होता का तो?" म्हणाली.

तिने दुसरं पातेलं घेतलं.

२८ ऑक्टोबर

वाळवले. वहीत घालून वर लसणाची बरणी ठेवली. सपाट झाले. एक बरं — फोटोचा कागद पाण्याला तसा भीत नाही. माझा उतावळेपणा नडला.

नव्याने शिकले ते असं: खळ दाट हवी. बोटाने लावायची, पुसल्यासारखी. कड कात्रीने नाही, फाडून घ्यायची, म्हणजे जोड लपतो. हे कोणी सांगितलं नाही. सहा-सात कागद वाया घालवून कळलं.

केस आणि सदऱ्याची कॉलर शाळेतल्या जुन्या परदेशी सचित्र मासिकातून घेतली. कानांचा विचारच केला नव्हता! रोज पाहिलेल्या चेहऱ्यात काय काय असतं याची यादी करता येत नाही. केस जरा लांब ठेवले, कान त्याखाली गेले. खोय केस बारीक ठेवायचा.

पण तोंड. तोंड तेवढंच. पुरुषाच्या चेहऱ्यात तांदळाचा दाणा. काही केलं तरी ते नीट दिसणार नाही.

३० ऑक्टोबर

आत्याकडे मोठा फोटो आहे. मला ठाऊक होतं, तिलाही ठाऊक होतं की मला ठाऊक आहे. तिच्या स्वतःच्या देव्हाऱ्यासाठी काढून ठेवलेला. दोन वर्षांपूर्वी ठेवणीतला निळा पोशाख घालून, केस विंचरून, गावात जाऊन काढून आली. तेव्हा घरोघर दाखवला होता — "बघा, मेल्यावर अशी दिसेन!"

मागितला.

"ते माझ्या मरणाचं आहे," आत्या म्हणाली. "त्यात हात घालू नकोस, लुयेन."

"फक्त तोंड—"

"आणि माझी पोरं मला बिनतोंडाची पुजतील?"

बरोबर आहे तिचं. चहा न पिता निघाले.

४ नोव्हेंबर

समुद्र बंद. लाल बावटा लागला. वादळ येतंय म्हणतात, एक नाही, मागोमाग दोन. काका धक्क्यावरून येऊन सांगून गेले, "दहा-पंधरा दिवस बोटीचं नाव काढू नका."

म्हणजे मास्तर नाहीत. चित्र नाही. बारा तारखेला काही नाही.

आईला सांगितलं. "बरं," म्हणाली. लाल कागद काढून पुसला आणि परत ठेवला. नावाची कड आता गुलाबी झाली आहे.

६ नोव्हेंबर

पाऊस, वारा. शाळा बंद. पुठ्ठा बाहेर काढला. तोंड नसलेला माणूस. दिवसभर समोर ठेवून बसले.

खरं लिहायचं तर त्याचं तोंड मला आठवतं ते आत्याचं तोंड पाहूनच. एरवी आठवत नाही. वर्षभरात एवढं गेलं.

७ नोव्हेंबर

काही नाही.

८ नोव्हेंबर

आत्या आली. भर वाऱ्यात, डोक्यावर गोणपाट धरून. आईने धावत जाऊन दार धरलं.

"वन्सं, अहो एवढ्या पावसात!"

"दार लाव वहिनी, मला उडवून न्यायचं ठरवलंय का?" पोटाशी धरलेलं पुडकं सोडलं. प्लास्टिकचे चार थर. आत निळ्या पोशाखातला फोटो.

"कात्री आण," मला म्हणाली.

"आत्या, आता बोट नाही. चित्र होणार नाही. हाच पुठ्ठा देव्हाऱ्यात ठेवावा लागेल. तुमचं तोंड—"

"काकाने सांगितलं मला. मी बहिरी नाही."

आई मधे पडली. "नको वन्सं. जिवंत माणसाचं नको. मी एकदा—"

आत्या तिच्याकडे वळली. मग म्हणाली, "तू जाळलास म्हणून तो बुडाला नाही, आणि जाळला नसतास तरी बुडालाच असता. एवढा मोठा समुद्र तुझ्या चुलीला विचारून वागतो का?"

वर्षभरात हे कोणी बोललं नव्हतं. आई खाली बसली. रडली नाही. नुसती बसली.

"काप," आत्या म्हणाली. "मी सत्तर वर्षं बोलले या तोंडाने. पुरे झालं. तो तेवीस वर्षांचा होता."

कापलं. कात्री फिरत होती तेवढा वेळ आत्याने स्वतःच्या तोंडावर तळहात दाबून धरला होता. तिला ते कळलं नसावं.

९ नोव्हेंबर

तोंड बसलं. मापाने बसलं! दाट खळ, बोटाने. वर बरणी.

१२ नोव्हेंबर

वर्षश्राद्ध झालं.

पुठ्ठा बाबांच्या शेजारी उभा केला. भात, उकडलेली कोंबडी, समुद्री शेवाळाची कोशिंबीर, लसूण. आईने पहिल्यांदा त्या बाजूला तोंड करून उदबत्ती लावली. मग पाहिलं. खूप वेळ पाहिलं.

काकांना शांतता सोसत नाही. "कोंबडीचा वास पहिल्यांदा मला आला. नाक माझं आहे!" म्हणाले. आत्याने त्यांच्या पाठीत गुद्दा घातला. काका हसता हसता बाहेर गेले आणि खांबाला धरून उभे राहिले.

आई म्हणाली, "भात अजून घाल. एवढ्याने त्याचं काय होतंय."

घातला.

मी तिथे उभी होते. लिहिते, कारण दुसरीकडे सांगता येणार नाही: तो खोय नाही. जवळचा कोणीतरी आहे. लांबच्या गावातला, आपल्यातलाच, कधी न भेटलेला. दोन डोळे दोन वेगळ्या दिशांना पाहतात. महिनाभर खपले आणि एका परक्याला घरात आणून बसवलं.

आई त्याला वाढत होती.

२० नोव्हेंबर

सकाळी आई पडवीत बसली होती. चेहरा हलका. "काल स्वप्नात आला ग," म्हणाली. "एवढ्या दिवसांत पहिल्यांदा."

"कसा दिसत होता?"

"हे काय विचारणं! कसा म्हणजे? आहे तसाच." आणि देव्हाऱ्याकडे बोट केलं.

शाळेत जाताना वाटेत उभी राहिले. डोळे मिटले. खोयला बोलावून पाहिलं.

पुठ्ठ्यावरचाच आला.